तरवडाचा बांध

जानेफळच्या शिवारात माझ्या मळ्याला लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आहे. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते बांधावर उभे राहतात आणि तरवडाच्या पिवळ्या फुलांवर आलेल्या भुंग्यांना, मधमाश्यांना सोयऱ्यांसारखं म्हणतात, "या, या. निवांत बसा."

त्या झुडपांना ते भर उन्हाळ्यातही थेंबभर पाणी घालत नाहीत. मी माझ्या गुलाबांना ठिबक लावलंय, महागाचं खत घातलंय, पण माझ्याकडे एक भुंगा फिरकत नाही.

"तुमचे गुलाब लय देखणे हायेत, गुरुजी," ते म्हणायचे. अगदी मनापासून म्हणायचे, त्याचाच जास्त राग यायचा.

बाजाराच्या दिवशी ते मेहकरला गेले, तेव्हा मी कोयत्यानं त्यांची सात-आठ झुडपं बुडातून कापली आणि फांद्या नाल्यात फेकल्या. संध्याकाळी ते उघड्या खुंटांपाशी येऊन बसले. मी इकडूनच ओरडलो, "शेळ्या घुसल्या होत्या हो! हाकलेपर्यंत सगळं खाऊन गेल्या."

बोलून झाल्यावर आठवलं, शेळ्या तरवडाला तोंडसुद्धा लावत नाहीत. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

त्यांनी कोयत्याच्या तिरप्या कापावरून बोट फिरवलं. "हाव, आल्या असतीन," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तरवडाच्या वाळक्या शेंगांची ओंजळ घेऊन माझ्या मळ्यात आले.

"आता तुमच्याच बांधाले लावून देतो, गुरुजी," ते म्हणाले. "इकडे तं शेळ्या येत नाहीत."