राक्षस आणि पाण्याची पाळी

“फासा पडला तो पडला,” असं म्हणून मास्तर टेबलावरून दोन्ही हात उचलून घ्यायचे. मग कुणी कितीही गयावया केली तरी आकडा बदलायचा नाही.

अशा खेळांतल्या गाजलेल्या गोष्टी कुणीतरी घरी बसून रचतं, असं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. तुम्ही त्यांतले असाल तर ऐका.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. मूळचे इंदापूरचे, वालचंदनगरला ड्रॉइंग ऑफिसात होते. मस्कतला असताना सोबत्यांकडून हा खेळ शिकून आले. एकानं मास्तर होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. गोष्टीतल्या किल्ल्यांचे नकाशे काढायला ते बारामतीत माझ्या स्टेशनरीच्या दुकानातून आलेखाचे कागद न्यायचे. एकदा मलाच घेऊन गेले. मग रविवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरमध्ये मी, मास्तरांच्या मिसेस म्हणजे वहिनी आणि लासुर्ण्याचे बापूराव बसू लागलो. बापूराव घरी ऊसवाले, खेळात तलवारबाज.

एका गोष्टीत भुयारात राक्षस होता. रोज गावातलं एक जनावर ओढून न्यायचा. आमच्या तलवारी चालेनात. बापूरावांनी विचारलं, वरनं कॅनॉल जातोय का? मास्तरांनी नकाशा पाहिला. जात होता. मग कॅनॉलचं दार उचलून भुयार पाण्यानं भरायचं ठरलं. वहिनींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण फासा हातात घेतलेले बापूराव थांबले.

“पाळी खालच्या गावाची हाय,” ते म्हणाले. “दुसऱ्याचं पाणी तोडायचं न्हाय.”

दुसरा कुणी हसला असता. मास्तरांनी शांतपणे विचारलं, मग काय करताय? बापूराव म्हणाले, थांबायचं. पुढचे दोन रविवार आम्ही त्या भुयाराबाहेर थांबलो. राक्षस गुरं नेत राहिला, वहिनी बापूरावांवर चिडत राहिल्या. शेवटी पाण्याची आमची पाळी आली, बापूरावांनी फासा टाकला, वीस पडले आणि राक्षस बुडाला.

गोष्ट पुण्याच्या होस्टेलांपर्यंत गेली. तिथून आलेला एक शहाणा माझ्या दुकानात मास्तरांना म्हणाला की हे सगळं बनवलेलं आहे, तुमच्या भागात असले फासे पाहिलेत कुणी? नेमके तेव्हाच बापूराव आत आले. सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते, सोबत चार कार्यकर्ते. मास्तर खूश झाले. म्हणाले, ह्यांनाच विचारा.

बापूरावांनी कार्यकर्त्यांकडं पाहिलं. “आमी कवा फासे टाकले? असला जुगार आमच्या घरात चालत न्हाय.”

माझं डोकंच फिरलं. तुमच्या शेजारी मी बसलो होतो, म्हणून ओरडणार तोच मास्तरांनी माझा दंड धरला. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “ऐकीव गोष्ट हाय ती.” तो शहाणा हसला.

सगळे गेल्यावर मी मास्तरांवर तुटून पडलो. ते म्हणाले, लोक त्यांना जुगारी म्हणाले असते. मी विचारलं, आणि तुम्हाला खोटारडा म्हणाले, त्याचं काय? घेतलेले कागद त्यांनी काउंटरवर ठेवले आणि आज नकोत म्हणाले. त्यानंतर खेळ झाला नाही. बापूराव निवडून आले. मास्तर बडोद्याला नोकरीला गेले, आणि तिथंच हृदयविकारानं वारले.

पुढं बारामतीतल्या एका लग्नात जेवताना ओळखीचा आवाज आला. बापूराव पंगतीला गोष्ट सांगत होते. भुयार, कॅनॉल, पाळी, सगळं. आता पोरांच्या कॉम्प्युटरवर तसले खेळ आले होते, त्यामुळं लाज वाटायचं कारण उरलं नव्हतं. गोष्टीत तलवारबाज होता, राक्षस होता, फाशावरचे वीसही होते. ती आम्हाला सांगणारा माणूस तेवढा नव्हता. पंगत वाहवा करत होती.

ताट सोडून मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मास्तर गेल्याचं सांगितलं.

बापूरावांनी जिलेबीचा तुकडा मोडला.

“कोण मास्तर?”