खिरापतीचा डबा

आईची वाचा गेली त्याला सात महिने झाले होते आणि मला त्या वर्षी कुठलाच सण नको होता. भुलाबाई तर नकोच नको. मंगरूळपीरच्या आमच्या गल्लीत तिची मातीची मूर्ती दरवर्षी आमच्याच ओसरीवर बसायची आणि गाण्यांत आईचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. झटका आल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, येईल किंवा नाही येणार. मी रोज तिच्यासमोर वाटी, चमचा धरून "हे काय, सांग" म्हणायची आणि ती माझ्याकडे नुसती बघत राहायची. एकदा मी चिडून वाटी आपटली. तेही तिने बघितलं.

कोजागिरीच्या दुपारी तिघी मैत्रिणी न सांगता आल्या. दोघी गल्लीतल्याच, एक आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावहून बसने. त्यांनी मातीची भुलाबाई पाटावर मांडली, आईची खुर्ची पुढे ओढली आणि गाणी सुरू केली. मला असा संताप आला, की तिघींना हाताला धरून बाहेर काढावं.

गाणी संपली की खिरापत, म्हणजे प्रसादाचा खाऊ, ओळखायची. जिने आणली ती बंद डबा वाजवते, बाकीच्या ओळखतात, नाहीच जमलं तर "हरलो" म्हणतात आणि डबा उघडतो. समोर राहणारीने डबा वाजवला. आत लाडू गडगडले. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास तर केव्हाच ओसरीभर झाला होता.

"चिवडा," मालेगावची म्हणाली.

"नाही."

"शेव? करंज्या?"

"नाही व."

"मावशी, तुमीच सांगा आता. आमाले तं काही सुचून नाही राह्यलं."

शिरा झाला, पापड झाले, भजे झाले. तास उलटला. कुणी "हरलो" म्हणेना. मालेगावचीची परतीची बस निघून गेली, तरी ती "उसळ" म्हणत बसली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, डबा कुणासाठी बंद आहे ते. आणि मग तर मला ते मुळीच सहन होईना.

"बस झालं!" मी ओरडले. "हरलो म्हणा अन् जा घरी. आई नाही बोलत आता. कधीच नाही बोलत."

"काहून रडून राह्यली? आमाले घाई नाही," समोरची म्हणाली आणि तिने डबा पुन्हा वाजवला.

आईचे ओठ हलले.

"पोरीले," ती म्हणाली. तिने पुन्हा ओठ जुळवले. "पोरीले दे."

खिरापत तिने ओळखली नव्हती. तरी "वळखलं, वळखलं" म्हणत समोरचीने डबा उघडला आणि पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाटी धरली. आई बोलली नाही. आजवर पुन्हा बोललेली नाही. पण ते दोन शब्द मला त्या तिघींनी मिळवून दिले, त्यांचे उपकार मी कशाने फेडू? कोजागिरीच्या त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. हे फक्त आईने बघितलं होतं.