मडगार्डवरचे दोन दिवे

मी मुळात रस्त्यावरच्या गाड्यांशी भांडायचं सामान आणायला गेलो होतो. श्रीरामपूरपासून चौदा किलोमीटरवरच्या शाळेत मी शिकवतो. दहावीचे जादा तास संपवून निघेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडतो. गेली तीन-चार वर्षं त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीला पांढरा एलईडी असतो. तो डोळ्यांवर आला की रस्त्याची कडा कुठे, खड्डा कुठे, काही म्हणजे काही दिसत नाही. मी डिपर मारून पाहिला, हात हलवून पाहिला, धावत्या गाडीवरून शिव्या घालून पाहिल्या. त्या ऐकायला अर्थातच मी एकटाच होतो. शेवटी ठरवलं, आता आपणही लावायचे आणि त्यांच्यापेक्षा मोठे लावायचे. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण ठरवलं खरं.

म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी मी सहादेव वायरमनच्या दुकानी गेलो. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पुढे बाभळीची सावली आणि समोर एका बंद गोदामाची लांबलचक भिंत. त्या भिंतीवर गेरूने ओढलेली एक आडवी रेघ आहे. दिव्याचं काम केलेली कुठलीही गाडी सहादेव त्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी करतो, दिवा लावतो आणि उजेड रेघेच्या खाली पडतो का ते बघतो. वर गेला की दिवा वाकवायचा, पुन्हा बघायचं. ही त्याच्या उस्तादाची शिकवण. त्या काळी दिव्याच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवत, म्हणजे उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जात नसे. आता तो रंग कुणी लावून घेत नाही. रेघ मात्र सहादेव दरवर्षी नवी ओढतो.

सहादेव मूळचा पाथर्डी तालुक्यातला, ऊसतोडणी करणाऱ्या घरातला. वडील उसाच्या फडातच ताप येऊन गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि मोठा भाऊ बिभीषण सोळाचा. उसाच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, धाकट्याला माझ्या ओळखीच्या वायरमनकडे ठेवा, हात हुशार आहे. बिभीषणने ठेवला, आणि स्वतः आईबरोबर कोयता धरला. तो अजून धरतोच आहे. आता सहादेव पन्नाशीला आलाय. अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. एका गोष्टीवरून मात्र त्याचं काम कुठेही ओळखू येतं. बाकीचे वायरमन वायरींचा जुडगा प्लास्टिकच्या पट्टीने आवळतात. हा जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कापतो, दोन पीळ देतो आणि टोक आत खुपसतो. लहानपणी फडात उसाची मोळी वाढ्याने, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पात्याने, बांधायला शिकलेला हात तो, दुसरी गाठ त्याला येतच नाही.

मी म्हटलं, "सहादेव, मोठ्यातला मोठा एलईडी बसवा. समोरच्याला कळलं पाहिजे."

"एलईडी बसवायचं बंद केलंय, सर."

"पाटीवर तर लिहिलंय."

"पाटी पुसायची राहिली."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अख्ख्या तालुक्याला तुम्हीच आंधळं करून ठेवलंत आणि माझी पाळी आली की बंद? त्याने वाद घातला नाही. बाकड्याखालून एक खोकं काढलं, धूळ फुंकली आणि माझ्या हातात दिलं.

"ह्याच्यावर काय लिवलंय तेवढं वाचून दावा. इंग्रजी हाय."

मी वाचू लागलो. इतके वॅट, पाण्यात भिजला तरी चालतो, दोन वर्षं टिकतो. मग अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती मी मनातच वाचली. तो बघत होता, म्हणून मोठ्याने सांगावी लागली. सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाही.

"परत एकदा वाचा," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचली.

"आठ वर्सं ही खोकी इकतोय मी," सहादेव म्हणाला. "कुनी वाचली न्हाई. मी बी कुनाला वाचायला सांगितली न्हाई."

खरं सांगायचं तर मला ती ओळ वाचायची गरज नव्हती. गाडी कंपनीतून जशी आली तशीच ठेवायची, दिवे मनाला येतील तसे बदलायचे नाहीत, तपासणीत सापडलं तर दंड होतो, हे मी पोरांना फळ्यावर लिहून देतो. जुन्या बल्बच्या वाटीत एलईडी घातला की उजेड ठरल्या जागी न पडता चहूकडे फुटतो, हेही मला कुणीतरी सांगितलं होतं. सगळं माहीत असून मी गेलो होतो, कारण बाकीचे तेच करत होते. मला माझीच लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून मी आणखी चिडून विचारलं, "मग आजच हे शहाणपण कुठून सुचलं?"

तेव्हा त्याने सांगितलं.

उसाच्या हंगामात पहाटे अंधारात फडावर ट्रॉल्या भरतात. भरणाऱ्यांना उजेड हवा म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डवर दोन एलईडी लावतात, तोंड मागे करून. फडात ते उपयोगी असतात. रस्त्यावर मात्र ते बंद असायला हवेत, त्यासाठी वेगळं बटन लागतं. गेल्या जानेवारीत करण नावाचा ट्रॅक्टरवाला आला आणि म्हणाला, मामा, अंधारात मागचं बटन चाचपडत बसावं लागतं, पुढच्या-मागच्या दिव्यांना एकच बटन द्या. सहादेवने दिलं. त्याआधी असे एकवीस ट्रॅक्टर त्याने करून दिले होते, हा बाविसावा. उजेड रेघेखाली पाडणारा माणूस तो. पण मागच्या दिव्यांसाठी भिंतीवर रेघच नव्हती, आणि नव्हती म्हणून त्याने विचारही केला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॉल्या कारखान्याच्या यार्डात सोडून करण नुसताच ट्रॅक्टर घेऊन परत निघाला. पाटाच्या कडेने एक रिकामी बैलगाडी चालली होती, ऊस टाकून कोपीकडे, तोडकऱ्यांच्या झोपडीकडे, परतणारी. करणने तिला ओलांडलं आणि अंधारू लागलं म्हणून पुढचे दिवे लावले. मागचे दोन त्यांच्याबरोबर लागले आणि चार हातांवरून थेट बैलांच्या डोळ्यांत गेले. बैल बुजले, गाडी पाटाच्या उतारावर कलंडली. एका बैलाचा पाय मोडला. गाडीवर नवरा-बायको होते. बाईचं उजवं मनगट चाकाखाली सापडलं.

बाई म्हणजे सत्यशीला, सहादेवची भावजय. गाडी बिभीषणची.

"दादाचा फोन आला तवा मी दुकानातच हुतो," सहादेव म्हणाला. "म्हनला, कुठल्यातरी ट्रॅक्टरच्या मागल्या दिव्यानं बैल बुजलं. दुसऱ्या दिवशी करण आला. म्हनला, मामा, बटन वेगळं करा, काल एक गाडी पाटात गेली. बटन वेगळं करून दिलं, पन कुनाची गाडी ते बी त्याला इचारलं न्हाई. मला समजलं हुतं."

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. सत्यशीलाबाईचं मनगट पुन्हा पहिल्यासारखं वळलं नाही, आणि त्यांचा उरलेला हंगाम अर्ध्या कोयत्यावर, अर्ध्या मजुरीवर गेला. सहादेवने दवाखाना केला, रोज डबा पोचवला, मेच्या सुट्टीत गावी जाऊन आला. दिवा आपण बसवला होता, एवढं एक मात्र त्याने सांगितलं नाही.

"आता दिवाळी झाली की परत येत्यात. त्याच रस्त्याला, त्याच कारखान्याला. सांगितल्याबिगर त्यांला त्या रस्त्यावर कसं जाऊ देऊ? आन सांगितलं आन दादा उठून गेला, तर मला दुसरं कोन हाय, सर? त्यानं फडात हात सोलून घेतलं म्हनून माझ्या हातात हा पाना हाय."

मोठ्या दिव्याची गोष्ट मी पुन्हा काढली नाही.

पुढचा महिनाभर त्याचं एकच काम चाललं होतं. बाकीचे एकवीस ट्रॅक्टर शोधायचे आणि मागच्या दिव्यांचं बटन वेगळं करून द्यायचं, फुकट. दोन रविवारी मीही त्याच्याबरोबर हिंडलो. शिक्षक बरोबर असला की लोक निदान बसायला सांगतात. काहींनी लगेच करून घेतलं. काहींनी टिंगल केली. एक जण म्हणाला, "काल तूच लावून गेला, आज तूच काढायला आला, उद्या काय ट्रॅक्टरच ढकलत न्यायचा व्हय?" सहादेव त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला तेव्हा मला त्या माणसाचा राग आला, सहादेवचाही आला. इतकं वाकायचं कशाला? पण एका बाईचं मनगट माझ्या डोक्यावर नव्हतं, त्याच्या होतं. दर वेळी परतताना मी विचारायचो, भावाला फोन केला का? तो म्हणायचा, फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. मला ती पळवाट वाटायची, आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलंही.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी मी दुकानी होतो. माझ्या गाडीच्या दिव्याची वायर तुटली होती, जुन्या पिवळ्या बल्बाचीच. सहादेव ती जोडत असताना रस्त्याच्या कडेला टेम्पो थांबला. आत दोन बैल, गाडीची चाकं, पत्रे, पाण्याची टाकी, गाठोडी. पुढून बिभीषण उतरला, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. मागून सत्यशीलाबाई उतरल्या. उजव्या मनगटाला जुन्या पातळाची पट्टी गुंडाळलेली होती.

चहा आला. बाकड्यावर बिभीषण आणि मी, वहिनी बाभळीखाली. सहादेव माझ्या गाडीशी उकिडवा बसून राहिला, उठेना. हातातली रबरी पट्टी नुसतीच फिरवत होता. मी उठून जायला हवं होतं. पण मी गेलो तर आजही हा बोलणार नाही असं मला वाटलं, म्हणून बसून राहिलो.

"दादा," तो मान वर न करता म्हणाला, "त्या ट्रॅक्टरचा मागला दिवा मी बसवला हुता. बटन बी मीच एक केलं हुतं."

बिभीषणने बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

सहादेवने मान वर केली.

"गाडी पाटातून वडायला त्याच ट्रॅक्टरला दोर बांधला. म्याच बांधला. मडगार्डापशी हात गेला तर दिव्याच्या वायरीला मोळीची गाठ. दोन पीळ आन टोक आत. आईची गाठ ती. ह्या तालुक्यात वायरीला ती गाठ दुसरं कोन मारील?"

"मंग बोलला का न्हाई?"

"बोलायचं तुला हुतं." बिभीषणचा आवाज चढला नव्हता, पण मला ऐकवेना. "तू दवाखान्यात आला, म्हनलं आता सांगशील. डबा घेऊन यायचा, म्हनलं आज सांगशील. मे महिन्यात आपल्या वट्यावर चार दिवस झोपला. धा महिने वाट बघितली, सहादू. बैलाचं मला एवढं लागलं न्हाई."

सहादेव रडू लागला. पन्नाशीचा माणूस, हाताला ग्रीस, तोंड पुसायलाही येईना. बिभीषण उठला नाही, जवळ गेला नाही, पण निघूनही गेला नाही. मग त्याने विचारलं, "आसले अजून किती हायेत?"

"चार राह्यले. ऐकत न्हाईत."

"नंबर सांग. त्यांच्यामागं मी बैल घालनार न्हाई. तोडीच्या बाकी गाडीवाल्यांला बी सांगतो."

मी खिशातला पेन काढला आणि त्या एलईडीच्या खोक्याची पाठ फाडून चार नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. बिभीषणने तो पुठ्ठा टोपीत ठेवला. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

सत्यशीलाबाई उठल्या, पण टेम्पोकडे न जाता माझ्या गाडीपाशी आल्या. वायरींना गुंडाळलेली पट्टी तशीच अर्धवट लोंबत होती. त्यांनी ती डाव्या हाताने ओढून पाहिली.

"पीळ कमी पडलाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सुटंल ही."

त्यांनी पट्टी सोडवली, डाव्या हाताने पहिला पीळ दिला आणि थांबल्या.

"एक टोक तुमी धरा. माझ्या उजव्या हाताला आता पकड न्हाई."

सहादेवने टोक धरलं. दोघांनी मिळून गाठ बांधली.