वहिनीचं रेटकार्ड

फोटो स्टुडिओत किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी आत येतात आणि वर विचारतात, "काही कमी नाही का होणार?" डोंबिवली ईस्टला आमचा छोटा स्टुडिओ आहे. कॅमेरा मी सांभाळते, काउंटर माझी वहिनी. रेट तिचे, नियम तिचे. भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेत, पण वाचतंय कोण!

*

फॅमिली फोटोला आम्ही माणशी पैसे घेतो. एकदा कोपरीहून मोठं कुटुंब आलेलं. आजोबांनी बरीच घासाघीस केली, वहिनी काही बधेना. शेवटी गरोदर सुनेकडे बघत त्यांनी विचारलं, "हिचे काय दोन धरणार?"

"छे हो आजोबा! जे फोटोत दिसत नाही, ते फ्री!"

आजोबा एकदम खूश. मागच्या रांगेतल्या जावयाला म्हणाले, "तुम्ही जरा खाली वाका!"

*

लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायला मायलेकी आलेल्या. रिटचिंगचा चार्ज वेगळा म्हटल्यावर आईने हिशोबी विचार केला. "बाकी राहू दे. फक्त नाक थोडं बारीक करा."

मुलगी भडकली. "आई, हे बाबांचं नाक आहे!"

"म्हणून तर सांगतेय!"

बाबा तिथेच बाकावर बसलेले. त्यांनी गुपचूप रुमाल काढला आणि नाक पुसलं.

*

प्री-वेडिंगचा ॲडव्हान्स परत मिळत नाही, हा वहिनीचा सगळ्यात कडक नियम. एक मुलगा पडक्या चेहऱ्याने आला. "मॅडम, लग्न मोडलं."

वहिनीलाही वाईट वाटलं. नियम मोडायचा की नाही, अशा विचारात ती पडली. मग हळूच म्हणाली, "पैसे नाही देता येणार रे, पण तारीख बदलून देते. कधीही ये."

तो सहा महिन्यांनी आला, हसत हसत. आमचाही जीव भांड्यात पडला. म्हणाला, "मॅडम, तारीख द्या. मुलगी मी बदललीय!"

*

आणि हा राजेशचा. राजेश इथेच आमच्या गल्लीत राहतो. त्याचे वडील, नाना, गावी खडवलीला असतात. एका दुपारी तो धावतपळत आला. नाना आयसीयूत होते आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलवायला सांगितलेलं. मोबाईलमध्ये अंगणात बसलेल्या नानांचा एक फोटो होता. "मोठा करून फ्रेम करा. उद्यापर्यंत हवा. हार घालता येईल असा." एवढं बोलून त्याला रडूच आलं.

मी बसून काम केलं. नानांच्या अंगात बनियन होतं, म्हणून कम्प्युटरवर छान सूट चढवला. दुसऱ्या दिवशी फ्रेम तयार. पण राजेश आलाच नाही. आठवडा गेला, तरी नाही. फोन करायचा तर विचारायचं काय? वहिनीने फ्रेम कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. त्या कपाटाकडे बघायलाही नको वाटायचं.

महिन्याभराने दार उघडलं. राजेश आत आला आणि त्याच्या मागून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ. "मला बँकेसाठी पासपोर्ट साईझ फोटो हवेत," ते म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. नाना! महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलावा, तसं झालं. वहिनीला तर इतका आनंद झाला, की राजेश खुणा करतोय तिकडे तिचं लक्षच नाही. तिने कपाटातून फ्रेम काढून थेट नानांच्या हातात दिली.

नानांनी चष्मा लावून फोटो निरखला. "सूट झकास आहे. कधी शिवला मी?"

वहिनीने डोळे पुसले. म्हणाली, "घेऊन जा नाना! नियम गेला खड्ड्यात, अर्जंटचा चार्ज मी घेणार नाही!"

नानांनी फ्रेम खाली ठेवली आणि ते मुलाकडे वळले.

"अर्जंट? घाई कोणाला होती रे?"