उरलेला भात आणि चार डायोड

सासऱ्यांचा रेडिओ मी बिघडवला, पण पूर्ण शास्त्रीय पद्धतीने बिघडवला, एवढं आधी सांगून ठेवतो.

मी तेव्हा नुकताच सॉफ्टवेअरमध्ये शिरलो होतो. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची. (शिकायचं एक आणि पगार भलत्याचाच घ्यायचा, ही पद्धत पुण्यात नवीनच सुरू झाली होती.) कोथरूडला सासऱ्यांकडे एक रेडिओ होता. सेल विकत घेणं त्यांच्या मते चैन, म्हणून तो एलिमिनेटर लावून घरच्या विजेवर चाले. त्या रविवारी अकरा वाजता त्याच रेडिओवर सासूबाई बोलणार होत्या! विषय, 'उरलेल्या भाताचे प्रकार'. रेकॉर्डिंग आधीच झालं होतं, आणि पाच मिनिटांचा कार्यक्रम एकदाच लागणार होता. आपला आवाज रेडिओवर ऐकायचा म्हणून सासूबाईंनी मांजरी गावाहून बहिणीलाही बोलावलं होतं. आणि सकाळीच एलिमिनेटर घुं घुं करायला लागला.

"जावई इंजिनियर आहेत ना?" मावशी म्हणाल्या. झालं! मी घरी जाऊन काट्याचा मल्टिमीटर आणि कॉलेजच्या डब्यातले चार डायोड घेऊन आलो.

"डायोड म्हणजे विजेचा एकदिशा मार्ग," मी समजावलं. "सरळ आली तर जाऊ देतो, उलट आली की अडवतो."

"पुण्यात चालतो?" सासऱ्यांनी विचारलं.

मी दुर्लक्ष केलं. "तपासणं सोपं. मीटर ओहमवर ठेवायचा, डायोडच्या दोन टोकांना दोन वायरी लावायच्या. काटा हलला पाहिजे. वायरी उलट्या केल्या की हलता कामा नये. दोन्हीकडून हलला तर डायोड गेला. दोन्हीकडून नाही हलला, तरी गेलाच."

एलिमिनेटरमधल्या एका डायोडवर काटा दोन्हीकडून हलत होता. मी चारही बदलायचे ठरवले. नव्या डायोडच्या एका टोकाला पांढरी पट्टी असते. वीज त्या टोकातून बाहेर पडते. पण लाल वायर प्लस धरून पाहिलं, तर माझा मीटर बरोबर उलट सांगत होता.

"पट्टी चुकीच्या टोकाला छापलीय!"

"चारही डायोडवर?"

"बाबा, आता बाहेरचा माल येतो. कसाही असतो."

उदारीकरणाला असा दोष देऊन मी चारही डायोड उलटे बसवले. रेडिओ लावला. संपूर्ण शांतता!

"मघाशी घुं घुं तरी होत होतं हो," सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

मी रेडिओच उघडला. वीज आत शिरते तिथेच एक डायोड होता. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर वीज अडवायची, एवढंच त्याचं काम, आणि ते तो बिचारा चोख करत होता. मी त्यालाही मीटर लावला. तोही उलटा निघाला! त्या घरात परिस्थिती नीट कळलेला तो एकटाच होता. त्याला काढून मी उलटा बसवला.

अकराच्या ठोक्याला बटण दाबलं. फट्ट! रेडिओतून धूर निघाला.

"भात लागला वाटतं," सासरे म्हणाले.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी शेजारच्या आगाशांचं दार वाजवलं. आगाशांशी टाकीच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. पाठोपाठ आम्ही सगळे.

"या. चपला बाहेर काढा," आगाशे म्हणाले.

त्यांनी शोधून स्टेशन लावेपर्यंत सासूबाईंच्या वाट्याला एवढंच आलं, "...वरून कोथिंबीर पेरावी. नमस्कार." त्यांचा चेहरा पाहून मला मनापासून वाईट वाटलं. हसू आलं ते आगाशांना.

मग आठवलं! काट्याच्या मीटरमध्ये ओहमवर आतला सेल असा जोडलेला असतो की लाल वायर मायनस होते आणि काळी प्लस. (हे परीक्षेत लिहून मी गुणही मिळवले होते.) म्हणजे पट्ट्या बरोबर होत्या. मालही उत्तम होता.

पुढे सासूबाईंना रेडिओवर पुन्हा बोलावणं आलं. सासऱ्यांनी नवा रेडिओ आणला, सोबत चक्क सेल! कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात पिशवी दिली आणि मला कांदे आणायला मार्केट यार्डात पाठवलं.

"सावकाश या हो."

मी घाईघाईने परतलो, तर दाराला आतून कडी. आत सासूबाईंचा आवाज रेडिओवर खणखणीत लागला होता. मी बेल वाजवली. कोणी उठलं नाही. बाहेर जायला वाट मोकळी, आत यायला बंद! त्या घरात अखेर एक डायोड बरोबर बसवला गेला होता, आणि तो सासूबाईंच्या हातून.