जिवंत गोबरा

मालवणच्या बाजारात मी चाळीस वर्षं मासे विकले, सगळे मेलेले. बाईने होडीत पाय ठेवायचा नाही, असा आमच्यात रिवाज. नवऱ्याला म्हणायचे, "एकदा तरी माका घेवन चला." तो म्हणायचा, "लोक हसतले."

तो वारल्यावर मुलाने मला कतारला आणलं. परवा अल रुवैसहून शिडाच्या होडीने त्याने मला प्रवाळापर्यंत नेलं. तोंडात नळी धरून, डोळ्यांवर चष्मा चढवून मी पाण्यात डोकं घातलं. खाली गोबरा मासा सावकाश कल्ले हलवत होता. टोपलीत काळपट पडणारे त्याचे ठिपके इथे लालबुंद होते.

"आये, यल्ला, वर ये. ऊन चढला."

मी नळी काढून म्हटलं, "वायच थांब रे, मेल्या."

नवऱ्याच्या जाळ्यात हे रंग रोज येत होते. घरी येऊन त्यांच्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. आज असता तर कडकडून भांडले असते.