गाडीतला नंदादीप

एका गुरुवारी सकाळी साडेनऊला माझे पती वारले. ते शाळेत जायला निघाले होते. पायरीवर बसून बूट घालत होते. एक बूट घालून झाला होता.

त्यानंतरचे काही महिने मी देवळात गेले नाही. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई, म्हणजे देवी गावाच्या नावातच. दर मंगळवारी ओटी घेऊन जायचा आमच्या घराचा नेम होता. मी तो मोडला, आणि मोडताना मला वाईटही वाटलं नाही. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. माझा स्वभाव वाद घालण्याचा नाही, त्यामुळे देवीशीही मी भांडले नाही. फक्त बोलणं थांबवलं. सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि आठवड्यातून दोनदा त्यांना जालन्याला डायलिसिससाठी न्यावं लागतं. बोलण्याइतका दमही त्यांना रोज नसतो.

त्यांना नेण्या-आणण्यासाठीच ह्यांनी एक जुनी एसयूव्ही घेतली होती. उंच, ऐसपैस, मागच्या सीटवर आईंना पाय पसरता येतील अशी. शाळेच्या मैदानावर त्यांनी मला ती चालवायला शिकवली. गाडी दिसायला चांगली होती, पण तिला दोन दुखणी होती. दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. आणि चालताना खड्ड्यात डावं चाक गेलं की बॉनेटखालून धप्प असा आवाज यायचा. कधी कधी त्या आवाजासरशी समोरचे सगळे लाल दिवे लागायचे आणि इंजिन बंद पडायचं. भोकरदनच्या मिस्त्रीने बॅटरी बदलली. जालन्याच्या एकाने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला. तिसऱ्याने डाव्या चाकाचा धक्के झेलणारा शॉकअप नवा घातला. दुखणं तसंच राहिलं.

गाडीत देवीची एक तसबीर आहे. गाडी घेतली तेव्हा पूजा झाल्यावर आई म्हणाल्या होत्या की देवीपुढचा नंदादीप कधी विझत नाही, मग गाडीतली देवी अंधारात का ठेवायची. ह्यांनी तसबिरीपुढे दिव्याच्या आकाराचा एक छोटा पिवळा बल्ब बसवला. किल्ली काढल्यावरही तो जळत राहावा म्हणून थेट बॅटरीपासून वायर ओढली. ते मराठीचे शिक्षक, विजेचं काम हा काही त्यांचा विषय नव्हता, पण एक अख्खा रविवार त्यांनी त्यात घालवला. ते गेल्यावर संध्याकाळी अंगणात उभ्या गाडीच्या काचेतून तो पिवळा उजेड दिसायचा. घरातल्या सगळ्याच वस्तूंना त्यांचा हात लागलेला होता. चालू असलेली तेवढी एकच होती.

जे जे मिस्त्री गाडी बघायला आले, त्यांनी चप्पल बाहेर काढली, देवीला हात जोडले आणि मग आत बसून सगळे फ्यूज, सगळ्या वायरी तपासल्या. त्या एका वायरीला कुणी हात लावला नाही. देवीच्या वायरीत दोष असेल हे कुणाच्या मनातही आलं नसावं.

माझ्या मनात मात्र आलं होतं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. पुस्तकं वाचायची सवय असल्यामुळे मी गाडीचं माहितीपुस्तकही वाचायला घेतलं होतं. बॅटरीला परस्पर जोडलेलं कोणतंही उपकरण गाडी उभी असताना बॅटरी उतरवू शकतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाक्य वाचलं आणि पान उलटलं.

त्याची किंमत आईंना मोजावी लागली. एका शुक्रवारी गाडी चालूच झाली नाही. दुसरं वाहन मिळेपर्यंत दुपार झाली आणि त्यांचं डायलिसिस चुकलं. शनिवारी सकाळी त्यांची पावलं इतकी सुजली होती की चप्पल चढेना. उशीला टेकलं की श्वास कोंडायचा, म्हणून त्या रात्रभर बसून होत्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, पाणी छातीकडे चढतंय, आजचा दिवस घालवू नका, बारापर्यंत मशीन रिकामं ठेवतो. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर गाडी चालू केली आणि आम्ही दोघी निघालो.

राजूर मागे पडलं. पुढे उखडलेल्या रस्त्याचा एक पट्टा होता. मी खड्डे चुकवत होते, एक चुकला नाही. धप्प झालं, समोर सगळे लाल दिवे लागले, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. कशीबशी गाडी कडेला घेतली. आत जळक्या रबराचा वास भरला होता. किल्ली फिरवली तर नुसती टकटक. रुग्णवाहिकेला फोन केला. जवळची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली, तासभर लागेल म्हणाले. घड्याळात पावणेअकरा झाले होते. मागे आईंच्या श्वासाचा आवाज शिट्टीसारखा येत होता. समोर तो बल्ब मंद, पण जळत होता. मी देवीकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी तिच्याशी बोलले, तेही मनातल्या मनात आणि प्रार्थना म्हणून नव्हे. म्हटलं, आता आईंनाही नेणार आहेस का?

दोन मोटारसायकली निघून गेल्या. तिसरी पुढे जाऊन थांबली, वळून परत आली. पंचेचाळिशीचा माणूस, अंगात कारखान्याचा निळा शर्ट, हँडलला डबा.

"ताई, काय झालं? पेशंट हाय का आत?"

मी आईंचं सांगितलं, गाडीची दोन्ही दुखणीही सांगितली. त्याने आधी गाडीकडे पाहिलंच नाही. मागचं दार उघडलं, आईंना बसतं केलं, पाठीशी उशी लावली, दोन्हीकडच्या काचा खाली घेतल्या. "मावशी, अशाच बसा. दम लागतोय ना, आडवं पडू नका."

"कुणाचा रे तू, बाबा?" आईंनी तशातही गावाकडचा प्रश्न विचारलाच.

"जय भीम, मावशी. राजूरच्या पलीकडचा हाय. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात वायरमन हाय मी. रोज ह्या टायमाला कारखान्यात असतो, आज डबा विसरलो म्हणून घरी वापस गेल्तो."

"मंग बघ बाबा," आई म्हणाल्या. "आतापर्यंतच्यांनी हात जोडून पैसे घेतले निस्ते."

तो हसला आणि बॉनेट उघडून वाकला. थोड्या वेळाने त्याने मला बोलावलं. डाव्या बाजूला दोन्ही हातांनी गाडी खाली दाबली आणि सोडली. धप्प आवाज आला आणि आत एक बारीक ठिणगी उडाली.

"दिसलं का? दोन बिमाऱ्या न्हाईत ताई, एकच हाय. शॉकअप नवा हाय, पण त्याच्या वरचा रबर जुनाच ठेवला, तो फाटलाय. गाडी आदळली की शॉकअपचं टोक वर येतं अन् ह्या वायरला पत्र्यावर चेपतं. वायर सोलून निघाली. बॅटरीचा सगळा करंट तिथंच उतरतो, मंग गाडी बंद. नशीब, पेट घेतला न्हाई." त्याचं बोट वायरीवरून सरकत आत गेलं. मग तो ड्रायव्हरच्या दाराशी आला, खाली वाकून पाहिलं आणि तसबिरीपाशी येऊन थांबला. दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी हात जोडत न्हाई, ताई. पण विचारल्याबिगर हात लावत बी न्हाई. उभ्या गाडीची बॅटरी बी हाच दिवा पितो. ही वायर तोडावी लागंल."

"दुसरीकडून नाही का नेता येणार?"

"येते ना. फ्यूज टाकून आतून बराबर नेता येते. पण त्याला टाइम लागंल. मावशीकडं टाइम हाय का?"

मला उत्तर माहीत होतं, आणि तरीही मी उभी राहिले. मला वाटत होतं, ती वायर तुटली की हे दुसऱ्यांदा जातील आणि या वेळी माझ्या सांगण्यावरून.

"कशाला थांबलीस, माय?" मागून आईंचा आवाज आला.

"आई, हा दिवा ह्यांनी..."

"ठावं हाय मला. माझ्यापुढंच लावला त्यानं." त्या श्वासासाठी थांबल्या. "दिवा देवीचा हाय, त्याचा न्हाई. अन् देवीला काय अंधारात दिसत न्हाई? तोड म्हणावं त्याला." पुन्हा थांबल्या. "तो गेलाय, बाई."

आमच्या घरात हे शब्द तोवर कुणी उच्चारले नव्हते. त्यांच्या पोटचा मुलगा, आणि ते मला सांगायला त्यांनी तो अपुरा श्वास खर्च केला. मी त्या माणसाला म्हटलं, "तोडा."

पक्कड मिटली. बल्ब विझला. देवीचा चेहरा होता तसाच होता; उलट दिवसाच्या उजेडात मला तो पहिल्यांदा नीट दिसला.

त्याने वायरीची टोकं टेपने गुंडाळून बाजूला बांधली, बियाण्याची पोती घेऊन चाललेला एक टेम्पो हात करून थांबवला आणि त्याच्या बॅटरीवरून आमची गाडी चालू केली. "रबर अजून फाटकाच हाय. आवाज येणार, घाबरू नका, करंट आता न्हाई तिथं. मी म्होरं चालतो. माझा डावा हात वर झाला की स्लो करा." आणि तो खरोखर पुढे चालला. सबंध रस्ताभर त्याच्या पाठीकडे आणि त्या डाव्या हाताकडे बघत मी गाडी चालवली. खड्डा आला की हात वर जायचा. धप्प व्हायचं, माझे डोळे लाल दिव्यांकडे जायचे, ते लागायचे नाहीत. मागे आईंचा श्वास मी मोजत होते. एका ठिकाणी तो ऐकू येईना; मी हाक मारली, तर त्या म्हणाल्या, "हाय मी. तू रस्त्याकडं बघ."

दवाखान्याच्या फाटकाशी त्याने हात हलवला आणि एमआयडीसीकडे वळला. बाराला दहा मिनिटं होती. सिस्टर अगदी शेवटच्या मिनिटाला आल्याबद्दल रागावल्या, रागावतच त्यांनी आईंच्या हाताला सुया लावल्या. चार तासांनी आई टेकून झोपल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. हे गेल्यानंतर मी तोवर रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

पुढच्या आठवड्यात रबर बदलून घेतला. मग पेढे घेऊन सळईच्या कारखान्याच्या फाटकावर त्या माणसाला भेटायला गेले. म्हटलं, "आमच्यासाठी तुम्हाला देवीनंच पाठवलं." तो ओशाळला. "तसं नका म्हणू ताई. मी ड्यूटीवर चाललो होतो. डबा विसरलो, एवढंच." पेढे मात्र त्याने घेतले, सोबतच्यांना वाटले.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याचं म्हणणं खरं आहे आणि माझंही मला खरं वाटतं. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात, त्यांचं भांडण होत नाही. इतकं मात्र मला कळलं की मी ज्याला भक्ती समजत होते ती धरून ठेवणं होतं, आणि त्या धरण्यात एक जिवंत माणूस माझ्या हातून सुटत चाललं होतं. शरण जाणं म्हणजे मोठं काही करणं असेल असं मला वाटायचं. मला जमलं ते एवढंच, की "तोडा" हा शब्द मी उच्चारला. तोही आईंनी सांगितला म्हणून. त्या दिवसाबद्दल मी देवीची, आईंची आणि त्या माणसाची ऋणी आहे.

मंगळवारचा नेम मी पुन्हा सुरू केला आहे. गाडीची बॅटरी उतरत नाही. आई आहेत. आठवड्यातून दोनदा आम्ही जालन्याला जातो आणि संध्याकाळी परत येतो.